कोपरकरांची पात्रता

"अहो कोपरकर, पाय पुसून आत या. गालिच्यावर चिखल नको."

शेजारच्या मागच्या अंगणातून हे वाक्य ऐकलं, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं की मंदारकडे कोणी कोपरकर राहायला आलेत. आमच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये नवीन मराठी माणूस आला की आम्ही बायका त्याला चिवडा देऊन ताब्यात घेतो. त्याच संध्याकाळी मी डबा घेऊन गेले. मंदारचे बाबा, म्हणजे दातारकाका, दारात उभे होते. त्यांनी मला आत बोलावलं, सोफ्याकडे हात केला आणि म्हणाले, "हे कोपरकर."

सोफ्यावर पिवळसर रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा कुत्रा बसला होता. मंदारच्या मुलीने, रियाने, त्याचं नाव कूपर ठेवलं होतं. काकांना ते अपुरं वाटलं. "आडनाव नको का माणसाला?" ते म्हणाले. आणि अहो-जाहो का, तर कामावर असलेल्याला अरे-तुरे करू नये म्हणून. कोपरकर नक्की कोणत्या कामावर आहेत, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे बरेच महिने कळलं नाही.

काकांनी सगळी नोकरी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात काढली. कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो आणि त्याची कागदपत्रं पुरी आहेत की नाहीत, हे ठरवणारा तो विभाग. काका रिटायर झाले, पण विभाग त्यांच्या अंगातून गेला नाही. कशावरही त्यांचं एकच उत्तर, "पात्रता तपासावी लागेल."

मी म्हणायचे, "काका, चहा टाकू?" काका म्हणायचे, "पात्रता तपासावी लागेल." माझा नवरा म्हणायचा, "उद्या बर्फ पडणार म्हणतात." काका म्हणायचे, "पात्रता तपासावी लागेल." आम्ही हसून बेजार व्हायचो. नवऱ्याने ते वाक्य उचललं आणि भांडी घासायची पाळी आली की मला ऐकवायला लागला.

आणखी एक खोड होती. काका प्रश्न विचारायचे, पण उत्तरासाठी थांबायचे नाहीत. "काय, ऑफिस काय म्हणतंय? नवीन मॅनेजर कसा आहे? आई बरी आहे ना?" असे तीन प्रश्न ओळीने टाकून पुढे चालू लागायचे. मला वाटायचं, ही ऑफिसच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाची सवय. काही वेळा रागही यायचा. आई आजारी होती तेव्हा मी खरोखरच सांगायला लागले होते, आणि हे भले गृहस्थ "छान, छान" म्हणत निघून गेले.

कुमुदकाकू होत्या तेव्हा असं नव्हतं. दोघं उन्हाळ्यात सहा महिने यायचे आणि कुठेही जोडीनेच दिसायचे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकू त्यांच्या डाव्या बाजूला बसायच्या, हात काकांच्या गुडघ्यावर. या वयातही काय प्रेम, असं आम्ही बायका आपापसांत म्हणायचो आणि आपापल्या नवऱ्यांकडे बघायचो. काकू गेल्या. मंदार बाबांना कायमचं इकडे घेऊन आला.

मंदार आणि त्याची बायको ऑफिसला, रिया शाळेत. काकांनी आपली एक दुपार बसवली होती. रस्ता ओलांडून इंडियन ग्रोसरीत जायचं, मेथीच्या जुड्या वरखाली करायच्या, एकही घ्यायची नाही, मग लायब्ररीत बसून पेपर चाळायचा. तेवढंच त्यांचं जग, आणि त्यात ते खूश होते.

मग ती पार्किंग लॉटची भानगड झाली. काका मधोमध चालत होते, मागे गाडी हॉर्न देत राहिली आणि शेवटी हातभर अंतरावर ब्रेक लागला. काकांनी घरी सांगितलं, "इलेक्ट्रिक गाडी होती. त्यांना आवाज नसतो."

रिया त्या वेळी समोरच स्कूल बसमधून उतरत होती. ती म्हणाली, "आजोबा, इट वॉज अ गार्बेज ट्रक. पीपल इन राली हर्ड इट." राली इथून अर्ध्या तासावर आहे.

मंदार संतापला. बाबांचं लक्ष नसतं, बाबा हट्टी आहेत, आणि आता बाबांनी एकटं बाहेर पडायचं नाही, असा त्याने हुकूम काढला. काकांनी वाद घातला नाही. पण दुपारी मी खिडकीतून बघायचे तर हे जाकीट चढवून, बूट घालून आतच उभे. मला फार वाईट वाटायचं.

एक दिवस ते कोपरकरांना घेऊन माझ्याकडे आले. "अनघा, लायब्ररीत एका बाईंबरोबर जाकीट घातलेला कुत्रा बघितला होता मी. कुणी अडवत नाही त्याला. कोपरकरांना तसं अधिकृत करायचं तर पात्रता काय लागते?"

"सर्व्हिस डॉग? मदतनीस कुत्रा? पण कशाला, काका?"

"मंदारशी बोललोय. कोपरकर सर्व्हिस डॉग झाले तर मी बाहेर जाऊ शकतो. मग मी एकटा कुठे? आम्ही दोघं."

मंदारने हे हसत हसत कबूल केलं होतं, कारण हे व्हायचं नाही अशी त्याची खात्री होती. माझीही होती. पण काका दार अडवून उभे, म्हणून मी लॅपटॉप उघडला, सरकारी पान वाचलं आणि गोंधळून पुन्हा वाचलं.

"काका, आपलाच कुत्रा चालतो. कुठल्याही जातीचा. आपण घरी शिकवला तरी चालतो."

"म्हणजे बहिःस्थ विद्यार्थी," काका म्हणाले. मी समोर बसून खणखणीत वाचत होते, त्यामुळे संवाद बरा चालला होता. "परीक्षा कोण घेतं?"

"परीक्षा नाही."

"नोंदणी?"

"नाही. सर्टिफिकेटही नाही. दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतात. डिसॅबिलिटीमुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. पुरावा मागता येत नाही."

काका मटकन खुर्चीत बसले. "मग बोगस उमेदवार पकडतात कसे?"

ज्या देशाने माझ्या व्हिसासाठी लग्नाचे फोटो मागितले, तो देश कुत्र्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो हे मलाही पटेना. काका म्हणाले, "हे लोकांसाठीचं पान असेल. मूळ परिपत्रक वेगळं असतं." आणि ते मूळ परिपत्रकाच्या शोधाला लागले.

पुढचे काही आठवडे आमच्या गल्लीत कुणाला काहीच नीट कळत नव्हतं. काकांनी फार्मसीत नेऊन कोपरकरांचा पासपोर्ट साइझ फोटो काढला. दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून पडका कान स्वतः वर धरला, त्यामुळे फोटोत त्यांची दोन बोटं आली. मग इंटरनेटवरून एक सोनेरी चांदणीचं सर्टिफिकेट मागवलं. ते हातात आल्यावर उजेडात धरून बघितलं आणि स्वतःच नापास केलं. जावक क्रमांक नाही, सही कुणाची ते कळत नाही. वर त्यांना नवीनच शंका आली. कोपरकरांना मंदारने साउथ कॅरोलिनातून आणलं होतं. "बाहेरच्या राज्यातला उमेदवार. मायग्रेशन सर्टिफिकेट लागणारच."

शेवटी रिया वैतागली. मी तेव्हा त्यांच्याच ओट्याशी उभी होते. ती काकांच्या पुढ्यात जाऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "आजोबा, लिसन. इट्स नॉट अबाउट कूपर. एलिजिबिलिटी कुत्र्याची नाही, तुमची आहे. यू हॅव टू हॅव अ डिसॅबिलिटी. अँड यू डोन्ट."

काकांनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "पात्रता तपासावी लागेल." आम्ही नेहमीप्रमाणे हसलो. ते हसले नाहीत.

मला वाटलं, खूळ संपलं. पण दुसऱ्याच दिवशी काका दारात. "अनघा, एक काम कर. दुपारी तुझी मीटिंग संपली की आमची बेल वाजव आणि निघून जा."

"आणि?"

"आणि काही नाही. कोपरकरांचं प्रॅक्टिकल आहे."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. निरर्थक बटणं दाबायचाच पगार घेते, म्हणून तेही केलं. बेल वाजवायची आणि पळायचं. गल्लीतल्या बाकीच्या लोकांनी माझ्याकडे कोणत्या नजरेने बघितलं असेल ते सोडाच. भर दुपारी भिंतीपलीकडून टीव्हीचा कानठळ्या बसवणारा आवाज यायचा, कुठल्यातरी समारंभात लोक टाळ्या वाजवतायत असा. मधूनच कुकरची शिट्टी, आणि मग काकांचा आवाज, "शाब्बास कोपरकर! हे घ्या."

मग त्यांनी जाहीर केलं की उमेदवार तयार आहे. मंदारने मला निरीक्षक म्हणून बरोबर धाडलं. कोपरकरांनी लाल जाकीट घातलं होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटभर ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते. ग्रोसरीच्या काउंटरवर नवीन मॅनेजरबाई होत्या. कॉम्प्युटरमध्ये मान घालून, वर न बघता त्यांनी विचारलं, "सर, डू यू नीड अ कार्ट?"

काका ताठ उभे राहिले. "यस," ते म्हणाले. "बिकॉज ऑफ अ डिसॅबिलिटी."

बाईंनी मान वर केली. त्या गोंधळल्या. मी त्यांच्याहून जास्त. "ओके... स्मॉल ऑर बिग?"

"आय कॅनॉट हिअर," काका म्हणाले. प्रत्येक शब्द घोटलेला होता. "व्हेन देअर इज अ साउंड, ही पुट्स हिज हँड ऑन माय नी. अँड ही टेक्स मी टू द साउंड. दॅट इज हिज वर्क."

त्या दुकानात कुणी त्यांना अडवलं नव्हतं. दोन्हींपैकी एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. काका आपली पाठ केलेली उत्तरं क्रमाने देऊन मोकळे झाले होते. मॅनेजरबाई काउंटरच्या बाहेर आल्या, त्यांनी स्वतः एक छोटी कार्ट ओढून काकांच्या हातात दिली आणि मान हलवून हसल्या. मला हसू येईना.

बाहेर बाकावर बसलो. मी विचारलं, "कधीपासून, काका?" ते समोर बघत राहिले. मी उठून त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसले आणि पुन्हा विचारलं.

"डावा रिटायर होण्याआधीच गेला. मग उजवा. थोडं येतं ऐकू, समोरून बोललं तर. मशीन घेतलं होतं कुमुदने. पण ते लावलं की भांडी आणि माणसं एकाच आवाजात बोलतात. ठेवून दिलं."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"कुमुद होती ना. बेल वाजली, कुणी हाक मारली, की गुडघ्यावर दोनदा थोपटायची. मी बरोबर तिकडे बघायचो." त्यांनी कोपरकरांच्या पडक्या कानावरून हात फिरवला. "हेही आल्यापासून तेच करतात. मी फक्त सराव घेतला."

"मग ते पात्रतेचं?"

काका जरा ओशाळले. "ते कुठल्याही प्रश्नाला चालतं, अनघा. ऑफिसात शेवटची वर्षं त्याच्यावरच काढली. आयुष्यभर लोकांना अपात्र ठरवलं. स्वतःच्या फाइलवर तो शेरा कोण मारून घेईल?"

त्यांच्या त्या वाक्यावर आम्ही किती हसलो होतो.

मंदारला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. साक्षीदार हवा म्हणून मला बसवून घेतलं. मंदार म्हणाला, "म्हणजे बाबा, मी तुमच्यावर इतका ओरडायचो ते..."

"ओरडलास की ऐकू यायचं," काका म्हणाले. "म्हणून तर बरं वाटायचं."

मंदार उठून किचनमध्ये गेला. आता कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली आहे, नवीन मशीन बघणार आहेत. दुपारचा फेरा पुन्हा सुरू झालाय. पार्किंग लॉटमध्ये कोपरकर पुढे, काका कडेने, आणि मेथीच्या जुड्या पूर्वीसारख्याच नापास होतायत.

गेल्या शनिवारी मंडळाचा गाण्याचा कार्यक्रम झाला. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही एका ओळीत होतो. काका, त्यांच्या पायाशी जाकीट घातलेले कोपरकर, आणि काकांच्या डाव्या बाजूला मंदार. पहिलं गाणं संपलं, टाळ्या पडल्या. कोपरकरांनी पंजा गुडघ्यावर ठेवला आणि काकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. थोडी उशिरा, पण जोरात.

हॉल शांत झाला. गायिका पुढचं गाणं सांगायला लागली. काका टाळ्या वाजवतच होते. डोळे मिटलेले, चेहरा प्रसन्न. लोक वळून बघायला लागले. टाळ्या कधी सुरू करायच्या ते कोपरकरांना शिकवलं होतं. कधी थांबवायच्या, ते काकू सांगायच्या, आणि ते शिकवायचं राहून गेलं होतं.

मंदारने हळूच हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं.

काकांचे हात थांबले. ते डोळे न उघडताच डाव्या बाजूला वळले आणि म्हणाले, "हो गं."