काकडीला एक उकळी

लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावरची काकडीची कोशिंबीर मुठीत घेऊन भर जेवणातून उठणारा आणि आचाऱ्याला "हीस एक उकळी द्या" म्हणून विनवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. त्याच्या शेजारच्या पानावर मीच बसलो होतो, आणि लाजेनं कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

हे आमचे सेतुराव. चेन्नईत अंबत्तूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी कैक पिढ्यांपूर्वी घरून निघालं आणि वाटेत तमिळ शिकलं. मी देशपांडे, सांगलीचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्ही मराठे, आम्हीही मराठे. बसा की, कसाला लाजता?"

त्यांचं ब्रीदवाक्य एकच. "कच्चं तेवढं मज नको. शिजवून विष द्या, खातों!"

कारण विचारलं की सांगत. गाजरगवत फुललं की त्यांना शिंका येतात, आणि कच्ची काकडी खाल्ली की ओठांना खाज सुटते, टाळूला मुंग्या येतात. दोन्हींचं मूळ एकच, असं डॉक्टर म्हणाले होते. शरीर काकडीलाच गवताचे पराग समजून बसतं म्हणे, आणि शिजवली की काही होत नाही.

"म्हणजे वडाची साल पिंपळाला!" मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले. सेतुरावही हसले आणि काकडीच्या कूटूची, म्हणजे डाळीत शिजवलेल्या भाजीची, तिसरी वाटी घेतली. तिथेच माझं डोकं फिरलं. शिजलेली तीन वाट्या चालते आणि कच्ची चकतीभर चालत नाही? अहो, सोंग आहे सोंग! मी पडलो तपासणी खात्यातला. खात्री करून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

एका रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. बायकोनं मुद्दाम त्यांच्या घरची डांगर पचडी केली. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, वरून मोहरीची फोडणी. सेतुरावांची बायको गेल्यापासून त्यांना ती कुणी करून घातली नव्हती. बायको पापड तळत होती, तेवढ्यात मी किसलेल्या कच्च्या काकडीचं पाणी त्या पचडीत पिळलं. हो, मीच. लिहितानाही कान तापतात.

सेतुरावांनी पहिला घास घेतला आणि थांबले. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"वैनी," ते म्हणाले, "अगदी आमच्या घरची चव! आणखी वाढा."

घ्या! मी मनात टाळी वाजवली. सोंग उघडं पडलं.

पण जेवण संपता संपता त्यांचे कान लाल झाले. हात धुवायला म्हणून ते उठले, ते लवकर येईनात. मी मागे गेलो. ते बेसिनपाशी चुळा भरत होते. खालचा ओठ टम्म सुजला होता, हातात गोळीची पट्टी होती. मी पुढे धावलो.

"श्वास? श्वास नीट येतोय ना?"

"परवाइल्ले, काही नाही. घसा बरा आहे. आत्ता उतरेल."

"मग दुसऱ्यांदा कशाला घेतलीत हो?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली केला. "पहिल्या घासासच समजलं. विसरली असेल बापडी. एवढ्या मायेनं केलेली, पानावर टाकून उठूं? तीस सांगू नका हं. वाईट वाटेल तीस."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, सेतुराव, ती विसरली नाही, मी घातली.

"नाही सांगत," मी म्हणालो. आणि खरंच सांगितलं नाही. तिलाही नाही, त्यांनाही नाही.

आता ते यायचे असले की आमच्याकडे काकडी शिजते. बायको विचारते, हे काय नवीन? मला अशीच आवडायला लागली आहे, असं मी ठोकून देतो. आणि सेतुराव कँटीनमध्ये ज्याला त्याला सांगतात, "अख्ख्या चेन्नईत हें एकच घर, जेथ मज काही सांगावं लागत नाही. देशपांडे आपणहून सगळं बघतात."

मग सगळे कौतुकानं माझ्याकडे वळतात. मी खाली मान घालून ताक पितो.