चमकीतला तडा

चाँद मिस्त्रीला मोडकं काही बघवत नसे, आणि त्यातच त्याचं वाटोळं झालं. माजलगावात त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज. गिऱ्हाईक नुसतं ऑइल बदलायला आलं, तरी टाकीवरचा पोचा हा पठ्ठ्या न विचारता पुट्टीनं भरून टाकी. (घरातला नळ चार वर्षं गळत होता, पण तो गिऱ्हाइकाचा नव्हता.)

त्याची सासू अजमतबी दवाखान्यातून लेकीच्या घरी आली, ती डॉक्टरांनी हात टेकले म्हणून. तिथं नाकात नळी घालायची म्हणून तिची हिऱ्याची चमकी काढली होती. तिची फिरकी ढिली झाली होती. अजमतबीनं ती चाँदच्या हातावर ठेवली आणि नीट करून आण म्हणाली. दम आहे तोवर तिला ती आपल्या हातानं नातीच्या, इरमच्या, नाकात घालायची होती.

हिऱ्याच्या पोटात एक तिरपा पांढरा तडा होता. पन्नास वर्षं म्हातारी तो रोज आरशात बघत आली होती. चाँदनं चमकी परळीच्या एका सराफाला दाखवली. सराफानं भिंग लावलं आणि सांगितलं की, सुरतेला अशा तड्यात काचेसारखं द्रव्य भरतात. हिरा तोच राहतो, तडा तेवढा दिसेनासा होतो. मात्र त्याला पुन्हा जाळ लावायचा नाही, नाहीतर भरलेलं सगळं बाहेर येतं. चाँद मनात म्हणाला, ही तर पुट्टीच. जाता जाता म्हातारीला चकचकीत हिरा बघायला मिळेल, या कल्पनेनं त्याचे डोळेही जरा ओले झाले. त्यानं घरी कुणाला विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी हिरा सुरतेहून आला, अगदी नितळ. अजमतबीनं तो खिडकीकडे धरून दोनदा फिरवला.

"ही माझी न्हाई. माझ्या हिऱ्यात तडा होता."

चाँदनं समजावलं की तडा आहेच, फक्त त्यात काच भरली आहे.

"काच हाय म्हणतोस की तूच," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या चार दिवसांत तिचं खाणं सुटलं. नातलग येऊ लागले. जाणाऱ्या माणसाजवळ बसून 'कहासुना माफ' म्हणायचं, म्हणजे ओझं उतरतं, अशी रीत. अजमतबीनं सगळ्यांना माफ केलं. तिच्या दोन शेळ्या परस्पर बाजारात विकणाऱ्या पुतण्या वासिफलासुद्धा. चाँद उशाशी आला तेव्हा मात्र तिनं भिंतीकडे तोंड केलं.

चाँदला रडूच आलं. स्वतःचा पानासुद्धा नसताना याच बाईनं त्याला मुलगी दिली होती. ती अशी गेली, तर जन्मभर घास उतरणार नव्हता.

तो चमकी घेऊन गहिनीनाथ सोनाराकडे धावला आणि हिऱ्याला जाळ लाव म्हणाला. गहिनीनाथनं त्याला आधी बसवलं, पाणी पाजलं, मग विचारलं, "चाँदभाई, पैसे देऊन हिरा खराब करायलाव?" चाँदनं मान डोलावली. जाळ लागला, आतलं द्रव्य उकळून बाहेर आलं आणि तडा परत दिसू लागला. थोडा काळपट झाला होता, पण होता.

घरी खोली माणसांनी भरली होती. अजमतबीनं हिरा डोळ्याजवळ नेला. तिचा चेहरा उजळला.

"हीच माझी." मग तिनं जावयाकडे बघितलं. "इतके दिस कुठं लपवलीतीस?"

चाँद पुन्हा पुट्टीपासून सुरुवात करू लागला. तिनं हात वर करून थांबवलं.

"चोरली म्हण, माफ करते. न्हाई म्हणलास तर माफ करू कशाला?"

वासिफ चाँदच्या कानाशी कुजबुजला, "म्हण बे, म्हातारीचा दम तुटायलाय."

"हौ अम्मी," चाँद म्हणाला, "मीच चोरली."

अजमतबीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांदेखत माफ केलं, आपल्या हातानं इरमच्या नाकात चमकी घातली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शांतपणे गेली. कबरस्तानात वासिफनं चाँदला मिठी मारली. कबूल करायला लई मोठं मन लागतं, असं म्हणाला, आणि मागं सरकताना आपला खिसा चाचपून बघितला.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर चाँद बायकोजवळ बसला. रडून रडून तरन्नुमचे डोळे सुजले होते. जग काही म्हणो, हिला तरी खरं ठाऊक असावं, एवढीच त्याची आस होती.

"मी चोरली न्हवती, तरन्नुम."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. चाँदच्या जिवात जीव आला. मग तिनं मान वर केली. "म्हंजी मरणाऱ्या अम्मीशी तुमी खोटं बोललात?"

यावर माफीच मागायला हवी, हे चाँदला कळत होतं. पण जिची मागायची तिला तो दुपारीच माती देऊन आला होता.