केसरी महाराज स्वतःला स्वीकारतात

मुलांनो, एका जंगलात सगळ्यांना केस होते आणि कुणालाच आपले केस आवडत नव्हते.

मेंढीला घोड्यासारखी सरळ आयाळ हवी होती. घोड्याला मेंढीसारखे कुरळे केस हवे होते. माकडाला काय हवं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण जे होतं ते नको होतं. तुमच्या घरी आरसा असेल, तर यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

या जंगलात करंजाच्या झाडाखाली साळूबाई केस कापायची. साळूबाई साळिंदर होती. तिचे दात धारदार, त्यामुळे कात्री लागायची नाही. अंगावरचे काटे अधूनमधून गळायचे, त्यांचे कंगवे व्हायचे. झाडामागे एक संथ डोह होता, तो आरशाचं काम करायचा. तिच्या स्वतःच्या काट्यांना हात लावायला मात्र कुणी धजावत नव्हतं. त्यामुळे आपण कशा दिसतो हा विचार तिने लहानपणीच सोडून दिला होता. दुसऱ्यांकडे नीट बघायला ती तेव्हापासून मोकळी होती.

गिऱ्हाईक यायचं, दगडावर बसायचं आणि म्हणायचं, "साळूबाई, काहीतरी वेगळं करा. एकदम माझं स्वतःचं."

"म्हणजे कसं?"

"त्या शेजारच्या रानडुकरासारखं."

साळूबाई मान डोलवायची आणि गिऱ्हाइकाला जे शोभेल असं तिला वाटायचं, ते करायची. गिऱ्हाईक डोहात बघायचं, थोडं कुरकुरायचं आणि घरी जाऊन सांगायचं की ही कल्पना माझीच.

तिच्याकडे झिपरीबाई नावाचं एक अस्वल येऊ लागलं. पहिल्या दिवशी आली ती रडवेली होऊनच.

"साळूताई, हे सगळं घोड्यासारखं सपाट करून दे. मला लोक झुडूप समजतात. काल एक बगळा येऊन पाठीवर बसला. दुपारभर बसला होता."

"तू हाकललं नाहीस?"

"त्याला कळलं असतं ना, की मी झुडूप नाही. त्याला ओशाळं वाटलं असतं."

साळूबाईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिने तिचे केस कापलेच नाहीत. रिठ्याच्या पाण्याने धुतले, एकेक गुंता सोडवला, वाळवले आणि शांतपणे विंचरत बसली. दिवस कलला तेव्हा तिने झिपरीबाईला डोहापाशी नेलं. काळेभोर, लांब, उन्हात निळसर चमकणारे केस. झिपरीबाई पाण्यात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं मी जाडी आहे. मी तर दाट आहे."

त्यानंतर ती कापायला कधीच आली नाही. नुसती विंचरून घ्यायला यायची, आणि घोड्याबद्दल बोलणंही तिने बंद केलं.

आता राजाची गोष्ट. या जंगलाचा राजा सिंह होता आणि त्याचं नाव होतं केसरी. केसरी म्हणजे आयाळवाला. नाव ठेवताना आईबापांनी पुढचा विचार केलेला नव्हता.

एके दिवशी भर दुपारी, सगळं जंगल झोपलेलं असताना, केसरी महाराज एकटेच करंजाखाली आले. डोक्यावर पळसाची पानं बांधली होती. ती त्यांनी सोडली. साळूबाईला दिसलं ते असं, की आयाळ बाजूंनी होती आणि मधे नव्हती.

"राज्यकारभाराचा ताण," महाराज म्हणाले. "आमचे काही केस तूर्त रजेवर आहेत. बाकीच्यांकडून त्यांचं काम करून घे."

साळूबाईने प्रयत्न केला. डावीकडचे केस उजवीकडे नेले की डावीकडे उघडं पडायचं. मागचे पुढे आणले की मागे. दुष्काळी मुलखात धान्य पुरवताना दरबार जे करतो, तेच ती करत होती, आणि तेवढंच जमत होतं. शेवटी तिने काटा खाली ठेवला.

"महाराज, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"रागावलो तर तुला खाऊ. सांग."

"जे उरलंय ते काढून टाकू या. तुमचं डोकं चांगलं आहे. छान गोल आहे. उगाच झाकून ठेवलंय."

महाराजांनी कान टवकारले. आजवर जंगलाने त्यांच्या आयाळीची स्तुती केली होती, डरकाळीची केली होती, पण डोकं चांगलं आहे असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. दरबारी भाटांनाही ते सुचलेलं नव्हतं.

"कर," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले.

काम झालं. महाराजांनी डोहात पाहिलं. भीतभीत डोक्यावरून पंजा फिरवला. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली.

"गार लागतंय," ते म्हणाले, आणि छाव्यासारखे हसले.

साळूबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं. याचसाठी तर आपण हा धंदा करतो, असं तिच्या मनात आलं. मुलांनो, गोष्टीच्या मधोमध कुणाला फार बरं वाटलं, की तुम्ही सावध व्हायला शिका.

महाराज तसेच दरबारात गेले. दरबार गप्प झाला. एक ससा खोकला आणि खोकल्याबद्दल त्याने लगेच माफी मागितली. सगळे कोल्होबा प्रधानांकडे बघू लागले, कारण काय दिसलं हे या राज्यात तेच ठरवत असत.

कोल्होबांनी महाराजांच्या डोक्याभोवती एक फेरी मारली.

"काय हे धैर्य," ते म्हणाले. "महाराजांनी स्वतःला स्वीकारलं."

आपण असं काही केलंय हे महाराजांना तोपर्यंत माहीत नव्हतं. पण ऐकायला ते चांगलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कावळ्याने झाडाझाडावर बसून दवंडी पिटली. "ऐका हो ऐका. आजपासून आत्मस्वीकार पंधरवडा. प्रत्येकाने स्वतःला आहे तसं स्वीकारायचं आहे. स्वीकाराची सोय करंजाखाली केली आहे. जो स्वतःला स्वीकारणार नाही, त्याला खाण्यात येईल."

"स्वीकारायचं म्हणजे नक्की काय करायचं?" शेळीने विचारलं.

"महाराजांनी केलं ते," कावळा म्हणाला.

करंजाखाली रांग लागली. मेंढीने स्वतःला स्वीकारलं. घोड्याने स्वीकारलं. खारीने शेपटी स्वीकारली, तेव्हा तिला पाहून एक उंदीर धावत आला आणि "अगं, तू तर आपल्यातलीच," म्हणाला. प्रत्येक जण डोहात बघायचा, मग वर फांदीवर बसलेल्या कावळ्याकडे बघायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "किती मोकळं वाटतंय."

मार्गशीर्ष सुरू होता. थंडी चांगलीच पडली होती. मोकळं वाटणारे सगळे कुडकुडत घरी जात होते.

साळूबाई कापत होती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, महाराजांचं पाहून लोकांना खरंच धीर आला असेल. दुसऱ्या दिवशी तिला तसं वाटेना. तिसऱ्या दिवशी रांगेत झिपरीबाई उभी होती.

ती दगडावर येऊन बसली. "साळूताई, काढ."

"तुला आवडायला लागले होते ना गं?"

"आवडतातच. तेच तर चुकतंय म्हणे. प्रधानजी घरी आले होते. म्हणाले, बाई, तुम्ही अजून केसांतच अडकला आहात, स्वतःपर्यंत पोचलाच नाहीत."

"मी नाही काढणार."

"मग मला खातील. तुलाही खातील." झिपरीबाईने मान खाली घातली. "पटकन काढ. मी बघणार नाही."

साळूबाईने काढले. पटकन मात्र तिला जमलं नाही. केस संपल्यावर जे उरलं, ते फार लहान होतं आणि थरथरत होतं. साळूबाईने तिच्या अंगावर वाळलेलं गवत पांघरलं. झिपरीबाई डोहाकडे न बघता आपल्या गुहेत निघून गेली.

साळूबाई उठली आणि थेट दरबारात गेली. रांग तशीच राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "तुम्ही डोकं उघडं केलंत, ते तुमचं होतं म्हणून. अस्वलाचं अंग अस्वलाचं आहे. हे थांबवा."

कोल्होबा पुढे सरसावले, पण महाराजांनी त्यांना पंजाने थांबवलं. केसरी महाराज दुष्ट नव्हते. राजे सहसा नसतात, त्यांना तेवढं एकटं सोडलंच जात नाही.

"साळू, तू बोललीस ते आम्हाला पटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिला दिवस फार छान गेला. आम्ही स्वतःला पूर्ण स्वीकारलंय. पण समोरून कुणी केसाळ आलं, की तो स्वीकार डुगडुगतो. म्हणून म्हटलं, समोर केसच नकोत."

"मग हे कसलं स्वीकारणं, महाराज?"

महाराजांना राग आला. आपल्याला न सुचलेला प्रश्न दुसऱ्याला सुचला, की राजांना येतो. ते तिच्याकडे रोखून पाहू लागले. इतके दिवस त्यांनी तिच्या कामाकडे पाहिलं होतं, तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"तुझ्या अंगावर हे काय आहे?"

"काटे, महाराज."

"काटे म्हणजे केसच," कोल्होबा म्हणाले. "राठ झालेले. शास्त्रात आहे."

"मग काढा," महाराज म्हणाले.

दरबारातले सगळे झाडांकडे बघू लागले. त्या दिवशी झाडं फारच बघण्यासारखी होती. शेवटी ज्याने शास्त्र काढलं होतं, त्यालाच पुढे यावं लागलं. कोल्होबांनी तोंड उघडलं आणि साळूबाईच्या पाठीला धरलं.

साळूबाईने काही केलं नाही. ती फक्त घाबरली. पण साळिंदर घाबरलं की त्याचे काटे आपोआप उभे राहतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

कोल्होबा मागे सरले तेव्हा त्यांच्या नाकावर, गालांवर, कपाळावर काटेच काटे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण प्रधान होते ते. केस कापणारीने आपल्याला घायाळ केलं असं म्हणावं, तर महाराज हसणार. आणि महाराज ज्याला हसत, त्याला मागाहून खात.

"महाराज," कोल्होबा दात आवळून म्हणाले, "आज मी माझ्या आतलं साळिंदर स्वीकारलं."

महाराज बघत राहिले. कोल्होबांच्या चेहऱ्याभोवती सगळीकडून काहीतरी ताठ उभं होतं. रुबाबदार होतं. महाराजांना आपलं तरुणपण आठवलं.

"आम्हालाही," ते म्हणाले.

गळून पडलेले काटे गोळा करून साळूबाईने महाराजांच्या डोक्याभोवती एकेक रोवायला सुरुवात केली.

"दुखेल, महाराज."

"स्वीकारू."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. कावळा पुन्हा झाडाझाडावर बसला. प्रत्येकाने आतलं साळिंदर स्वीकारायचं, सोय करंजाखाली. पुन्हा रांग लागली. मेंढीने कपाळावर काटे लावून घेतले, घोड्याने मानेवर, खारीने शेपटीवर. कुणी ओरडलं नाही. डोळे पुसत सगळे म्हणाले की आता कुठे आपण आपल्यासारखे दिसतोय.

गळलेले काटे संपले, तेव्हा साळूबाईच्या अंगावरचे काढायला सुरुवात झाली. कोल्होबांना जबरदस्तीने जे जमलं नव्हतं, ते रांगेने केलं. रांग फार सभ्य होती. प्रत्येक जण एक काटा उपटायचा, "आभारी आहे, साळूबाई," म्हणायचा आणि पुढे सरकायचा.

पंधरवडा संपला तेव्हा जंगलात हिंडणाऱ्या प्रत्येकाला काटे होते. नव्हते ते एकट्या साळिंदराला.

ती करंजाखाली बसली होती. मोठ्या उंदरासारखी दिसत होती आणि तिला थंडी वाजत होती. वाटेने जाणारी शेळी थांबली. शेळीच्या हनुवटीवर दोन काटे होते आणि ते पिकले होते.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," शेळी मायेने म्हणाली. "स्वतःवर प्रेम करायला शिका."

काट्यांशिवाय उघड्यावर राहणं साळिंदराला परवडत नाही. शेळी दिसेनाशी झाल्यावर साळूबाई उठली आणि झिपरीबाईच्या गुहेकडे गेली.

आत अंधार होता. झिपरीबाई कोपऱ्यात गवतात पडून होती. तिच्या अंगावर बारीक लव आली होती.

"कोण आहे?"

"मी, साळू. जागा आहे का गं?"

झिपरीबाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग सरकून जागा केली.

"काटे?"

"जंगलाला लागत होते."

"परत येतील?"

"येतील. तुझे आले तसे."

त्या हिवाळ्यात दोघी गुहेबाहेर पडल्या नाहीत. बाहेरून मधूनमधून महाराजांची डरकाळी ऐकू यायची. डोक्याभोवती काटे असल्यामुळे त्यांना मान टेकता येत नव्हती आणि झोप येत नव्हती. राज्य जागं आहे, असं कोल्होबा सगळ्यांना सांगत होते. गुहेत मात्र, तू छान दिसतेस, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. दोघी एकमेकींना टेकल्या आणि झोपल्या.

तात्पर्य: स्वतःला आहे तसं स्वीकारावं. फक्त त्याआधी राजाचं डोकं एकदा पाहून यावं. (मुलींनो, उद्या शाळेत दोन वेण्या आणि काळ्या रिबिनी. मुलांनो, कानावर केस नकोत. स्वीकाराचं सुट्टीत बघू.)