पगाराची चौकशी आणि ओदिलियाबाईंचं पोट

ओदिलियाबाईंचं पोट मुळीच दुखत नव्हतं. तरीही गुरुवारी सकाळी इबागे शहरातल्या लास गार्सास क्लिनिकच्या तातडीच्या विभागात त्या उजव्या कुशीवर हात दाबून, ओठ आवळून बसल्या होत्या. त्यांचा खरा घोर होता तो लेकीचा.

लेक यामिले नर्सिंगची पदवी घेऊन बसली होती. परवानाही हातात पडला होता. कोलंबियात पदवीधर नर्सला झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत जो तो ‘हेफे’ म्हणतो, म्हणजे साहेब. गल्लीनंही लगेच तसं म्हणायला सुरुवात केली. पाववाला हेफे म्हणे, घरमालकीण भाडं मागतानाही हेफे म्हणे. साहेबी गाजवायला तेवढी नोकरी नव्हती. जावं तिथे वर्षाचा अनुभव मागत आणि तो अनुभव द्यायला मात्र कुणी तयार नसे. एका ठिकाणी मजल मुलाखतीपर्यंत गेली, तर पगाराची अपेक्षा विचारली. यामिलेनं जरा मोठा आकडा सांगितला. त्यांनी हसून कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. दुसऱ्या ठिकाणी तिनं शहाणपणानं अगदीच कमी सांगितला, तर तिथल्या बाईंनी काळजीनं विचारलं, “परवान्याची काही भानगड तर नाही ना?”

आता तिसरी मुलाखत लास गार्सासमध्ये, त्याच दुपारी तीनला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘पगार चर्चेने ठरेल.’

“चर्चेने म्हणजे काय गं?” आदल्या दिवशी ओदिलियाबाईंनी विचारलं होतं.

“म्हणजे आधी तोंड कोण उघडतं ते बघायचं, आई. जो उघडतो तो बुडतो.”

ओदिलियाबाई घराच्या पुढच्या खोलीत केशकर्तनाचं दुकान चालवायच्या. केसांत हात गेला की माणूस बोलायला लागतं, हा त्यांचा अनुभव होता. मोडलेली लग्नं, वाटण्या, शेजारणीची कर्जं, सगळं त्यांच्या खुर्चीत बाहेर पडलेलं. तिथे नर्सचा पगार तो काय. त्यांनी लेकीला सांगितलं, “मी एस्पिनालला मावशीकडे जाते,” आणि सरळ क्लिनिक गाठलं. बेत साधा होता. खाटेवर पडायचं, एखाद्या नर्सला बोलतं करायचं, गोळी घ्यायची आणि जेवायच्या आत घरी यायचं.

तपासायला आलेला डॉक्टर अगदी कोवळा होता. त्यानं पोटावर उजवीकडे खाली बोटं रुतवली.

“इथे दुखतं?”

त्याच्या आवाजात इतकी आशा होती की ओदिलियाबाईंना नाही म्हणवेना. “दुखतं.”

“आणि हात सोडला की?”

“मग तर जास्तच.”

डॉक्टर ताठ उभा राहिला. भराभर काहीतरी लिहू लागला. पोराला बरं वाटलं, म्हणून बाईंनाही बरं वाटलं. या दोन उत्तरांनी आपण अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी अर्जच टाकलाय, हे त्यांना कुठून कळावं? पंधरा मिनिटांत त्या सहा नंबरच्या खाटेवर होत्या. हाताला सलाईन, अंगात मागून उघडा झगा आणि पोटात अन्नाचा कण नाही. पाणीसुद्धा बंद. कपडे, पिशवी आणि फोन कुठल्याशा कपाटात गेले.

पण सलाईन लावायला आलेली नर्स एदना मनासारखी भेटली. अंबाडा घट्ट बांधलेला, कपाळाजवळचे केस तुटलेले.

“एवढं आवळू नका हो. टक्कल पडेल,” ओदिलियाबाई म्हणाल्या. “जरा वाका बघू.”

एदना वाकली. अंबाडा सुटला, आणि त्याबरोबर जीभही.

“तेवीस लाख, काकू. पण ते नावाला. करार क्लिनिकशी नाही, मधल्या एका कंपनीशी. विमा आपला आपण भरायचा, पेन्शन आपली आपण. हातात काय उरतं ते विचारू नका.”

लाख ऐकून कुणी दचकायचं कारण नाही. लाख पेसोंत इबाग्यात आठवड्याचा बाजारही धड होत नाही.

“आणि नव्या मुलीला?”

“नवीला आधी वीस सांगतात. ती गप्प बसली की वीसच. आमच्या मुख्य नर्स आहेत ना, कन्सुएलो हेफे, त्यांच्यापुढे कुणाचं तोंड उघडत नाही. पण ‘करार कुणाशी?’ एवढं एकीनं विचारलं होतं. तिला थेट क्लिनिकचा करार मिळाला. आम्हाला कुणी विचारायलाच शिकवलं नाही.”

काम फत्ते झालं. ओदिलियाबाई उठून बसल्या. “बरं, आता मला एकदम बरं वाटतंय. कपडे द्या, निघते.”

एदनाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “एकदम बरं वाटतंय? म्हणजे दुखणं अचानक थांबलं?”

“अगदी थांबलं.”

एदना धावत गेली. डॉक्टर धावत आला. दुखणारं अपेंडिक्स अचानक दुखायचं थांबलं, तर ते फुटलं असण्याची भीती असते, हे त्यानं बाईंना फार हळुवारपणे समजावून सांगितलं. ओदिलियाबाईंनी घाईघाईनं पुन्हा दुखतंय असं सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणाला, “दुखणं परत आलं? हे तर त्याहून वाईट.” मग रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी झाली आणि सर्जनला निरोप गेला. खरं सांगावं तर क्लिनिकभर बोभाटा होणार, आणि तीन वाजता लेक याच दारातून आत येणार. बाई डोळे मिटून पडून राहिल्या.

तीन वाजून गेले तसा खाटेभोवतीचा पडदा सरकला. कन्सुएलो हेफे बारीक चणीच्या, पण त्या आल्या की शेजारच्या खाटांवरचे रुग्णही नीट झोपत.

“कागद सगळ्यांचेच सुरेख असतात,” त्या मागे वळून म्हणाल्या. “मी माणूस बघते. या बाईंना तपासा आणि मला काय ते सांगा.”

मागून यामिले पुढे आली. आईला पाहून तिचे कान तेवढे लाल झाले, आवाज मात्र जागचा हलला नाही.

“नमस्कार, बाई. कुठे दुखतंय?”

कन्सुएलो हेफे पायथ्याशी उभं राहून फाइल चाळत होत्या. यामिलेनं वाकून पोटावर हात ठेवला.

“करार विचार,” ओदिलियाबाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

“काय म्हणतात?” पायथ्याकडून विचारणा झाली.

“कळा येतात म्हणतात, हेफे.”

“आई गं,” ओदिलियाबाई कण्हल्या. “वीस म्हणतील... तेवीस देतात.”

“काय तेवीस?”

“तेवीस तारखेपासून दुखतंय म्हणतात.”

“फाइलमध्ये तर आज सकाळपासून लिहिलंय.”

“वयामुळे गोंधळ होतो,” यामिले म्हणाली, आणि पोटावरचा हात जरा जास्तच जोरात दाबला गेला. ओदिलियाबाईंची त्या दिवसातली पहिली खरी कळ तीच.

तेवढ्यात एदना आली. “हेफे, सर्जन आलेत. यांना आत घ्यायचंय.”

ओदिलियाबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं दाराकडे पाहिलं. गप्प राहिलं तर नोकरी मिळेल, आईचं पोट मात्र उगाच फाडलं जाईल. यामिलेनं हात काढून घेतला.

“यांना नेऊ नका, हेफे. या आजारी नाहीत. या माझ्या आई आहेत.”

“माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतं,” कन्सुएलो हेफे म्हणाल्या. “मुद्द्याचं बोला.”

मुद्द्याचं ओदिलियाबाईच बोलल्या, एका दमात, मावशीच्या थापेपासून. कन्सुएलो हेफेंनी फाइल मिटली.

“एवढं सगळं पगार विचारायला?”

“तुम्ही जाहिरातीत लिहिला असता तर मी घरी नसते का बसले?”

एदना सलाईनची बाटली फार बारकाईनं पाहू लागली. इतक्यात कोवळा डॉक्टर सोनोग्राफीचा कागद घेऊन आला. त्याचा चेहरा जरा पडला होता.

“अपेंडिक्स ठणठणीत आहे.”

सगळ्यांनी श्वास सोडला.

“पण पित्ताशयात खडे आहेत. बरेच. आज घाई नाही, पण महिना-दोन महिन्यांत काढावे लागतील. कधीच दुखलं नाही तुम्हाला?”

“कधीच नाही,” असं म्हणून ओदिलियाबाई जरा थांबल्या आणि उशीवर वर सरकल्या. “म्हणजे मी काही अगदीच खोटं बोलत नव्हते.”

कन्सुएलो हेफे यामिलेकडे वळल्या. “तुम्ही म्हणालात, आजारी नाहीत.”

“चुकले.”

“चुकलात. घरच्या माणसाचं निदान करायचं नाही. पण नेऊ नका म्हणालात, ते नोकरी जाईल हे माहीत असून म्हणालात. तेवढं मला पुरतं. सोमवारी या. वीस लाख.”

यामिले गप्प उभी राहिली. खाटेवरून एक लांबलचक कण्हणं ऐकू आलं.

“करार कुणाशी, हेफे?”

कन्सुएलो हेफेंनी आधी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि खाटेजवळची खुर्ची ओढून बसल्या. बरंच बोलणं झालं. थेट क्लिनिकचा करार आणि बावीस लाख, असं ठरलं. त्या उठणार तोच एदनानं बाटलीवरची नजर काढली.

“हेफे, मलाही एक विचारायचं होतं.”

कन्सुएलो हेफे पुन्हा खाली बसल्या.

संध्याकाळी बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या होत्या. यामिले रागावलेली होती. पण मधेच हसू येई, म्हणून खिडकीबाहेर बघत होती. ओदिलियाबाईंचा एक हात झग्याऐवजी आता स्वतःच्या ब्लाउजवर, पोटाशी होता.

“यामिले.”

“काय आई?”

“आता खरंच दुखायला लागलंय गं.”

यामिले चटकन वळली. “कुठे?”

ओदिलियाबाईंनी आधी उजवीकडे चाचपलं, मग डावीकडे, मग बरगडीखाली. क्षणभर विचार केला.

“तूच सांग,” त्या म्हणाल्या. “कुठे दुखायला हवं?”