वातानुकूलित काहिलीची जलमोहीम

श्रीसांब प्रसन्न. मौजे पिंपळगव्हाण, तर्फ रेणापूर, येथील समस्त तहानलेल्या थोरांनी आज्ञा केली की, तळ्यावर जी मोहीम जाहली ती साद्यंत लिहावी. त्यावरून जे डोळां देखिले आणि जे पारावर ऐकिले ते लिहितो. पारावरचे थोडे जास्त आहे, पण गोड मानून घ्यावे.

लातूर जिल्हा नवा नवा जाहला होता. दफ्तरांचा रंग ओला, साहेबांच्या खुर्च्या कोऱ्या, आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेला की काय न कळे, ऐसा दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखविला आणि रयत हैराण जाहली. मग सरपंच शेषेराव, गावाचे मालक, मिशांचे सरदार, यांनी टँकरासाठी लातुरास अर्ज गुजारिला. त्यावर टंचाईचे अंमलदार राजमान्य राजश्री अमृतराव साहेब यांचा तोंडी हुकूम आला की, गावास थोरले तळे असता टँकर कैसा. आम्ही खासा येऊन नावेने तळे पाहू, नाव या कडेची त्या कडेस गेली तर टँकर नाही. आणि ऊन फार, सबब नाव वातानुकूलित असावी. हे शेवटले साहेब थट्टेने बोलिले. परंतु साहेबाची थट्टा कोणती आणि हुकूम कोणता, हे रयतेस कधी कोणी शिकविले आहे?

मग सिद्रामप्पा वाण्यांच्या दुकानी खलबत बैसले. शेषेराव वदले की, साहेबांस वाताचा विकार दिसतो, सांधे धरले असतील, तेल चोळावयास माणूस ठेवावा. दुसरे म्हणाले, वात म्हणजे समईची, नावेत दिवा हवा. तेव्हा सिद्रामप्पा, जे दुकानी बसून पोथी वाचीत आणि वाचता वाचता वजनात मारीत, त्यांनी तागडी खाली ठेवून निवाडा दिला.

"वात म्हंजे वारा. अनुकूल म्हंजे आपल्या बाजूचा. सायबाला शिडाची नाव पायजे, दुसरं काई न्हाई!"

सभा धन्य धन्य म्हणाली. नाव गावात नव्हतीच. मग गूळ आटवायची थोरली काहील ओढून आणिली, तीत वेळूची काठी उभारली, आणि शिडासाठी शेषेरावांचे कुटुंब नागुबाई यांचे नऊवारी लुगडे मागितले. नागुबाईंनी लुगडे दिले, पण त्यासोबत ऐशी वाक्ये दिली की ती बखरीत लिहिता येत नाहीत.

साहेबांची स्वारी भर वैशाखात, दुपारच्या रणरणत्या उन्हात दाखल जाहली. त्यांनी काहील पाहिली, लुगडे पाहिले आणि यंत्र कोठे म्हणून पुसिले. सिद्रामप्पांनी अर्थ विशद केला. साहेब लाल जाहले, परंतु येथवर येऊन माघारी फिरणे मर्दुमकीस शोभेना, सबब चढले. संगे शेषेराव, काहील हाकावयास लांब काठी घेऊन दगडोबा, आणि नागुबाई, घरच्या पिण्याच्या पाण्याच्या घागरी घेऊन. कारण त्या बाईस ठाऊक होते की दाराला ओले पोते लाविले म्हणजे वारा गार येतो. आणि तळ्याचे गढूळ पाणी पाहुण्याच्या अंगावर उडाले तर गावाची अब्रू जाते.

मग वारा सुटला. नागुबाईंनी लुगड्यावर पाणी शिंपिले, आणि काय सांगावे! ऐसा गारवा आला की साहेबांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि वा वा म्हणाले. शीड फुगले आणि काहील निघाली सुसाट. कडेची रयत टाळ्या पिटू लागली, शेषेराव मिशीस पीळ देऊ लागले. तो नागुबाईंनी घागर आपटली आणि नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"अवो, मिशा काय पिळायलाव! काईल पार गेली की टँकर गेला!"

हाय हाय! पाहुणचाराच्या नादात टँकराचे कोणास स्मरणच नव्हते. शेषेरावांचा चेहरा उतरला. त्यांनी दगडोबास काहील आवर म्हणून डोळा घातला. दगडोबास वाटले मालक खूश आहेत, त्याने आणखी जोर केला. इकडे रयत टाळ्यांवर टाळ्या देत आपलाच टँकर परत धाडीत होती. देवा, ऐसे शहाणे गाव वैऱ्यासही न मिळो.

तो तळ्याच्या ऐन मध्यात खर्रर्र आवाज जाहला, काहील गाळात रुतली आणि स्वतःभोवती एक फेरा घेऊन बैसली. दगडोबाने काठी खुपसली, ती चिखलात उभीच राहिली. वारा पडला, लुगडे लोंबले. वरून सूर्य, खालून तापली काहील, आणि साहेब तिळासारखे भाजू लागले. घसा कोरडा पडला. पाणी आणा म्हणून हुकूम केला.

नागुबाईंनी घागरी एकामागून एक उलट्या केल्या. थेंब पडला नाही.

"सायेब, घरात होतं तेवढं तुमच्या वाऱ्याला पाजलं. आता लेकरायलाबी न्हाई."

साहेबांनी पायांतले बूट काढिले, काहिलीतून उतरले, आणि जिल्ह्याचा अंमलदार गुडघाभर गाळ तुडवीत कडेस आला. तेथे कोणी अर्ज वाचून दाखवू लागला, तो हाताने दूर सारिला आणि चिखलाच्या पायांनी उभे राहून, सुकल्या तोंडाने हुकूम फर्माविला की, उद्यापासून टँकर.

येणेप्रमाणे पिंपळगव्हाणकरांनी तळे हरून पाणी जिंकिले. दुसरे दिवशी टँकर आला, परंतु फत्तेचा डंका वाजवावयास माणूस मिळेना, कारण समस्त फौज घागरी घेऊन रांगेत उभी. शेषेरावही तेथेच, सिद्रामप्पाही तेथेच. बखरीत लिहावयाचे पराक्रम अजून पुष्कळ आहेत. परंतु नागुबाई ओरडत आहेत की रांग पुढे सरकली, लेखकाची घागर तेथेच, नंबर गेला तर पाणी नाही. सबब लेखनसीमा.