पाटी, ब्रेक आणि गफूरचाचा

गफूरचाचांच्या स्कूटरवर मागे बसायचं असेल तर घरी नीट सांगून निघावं. कुठे जायचं ते तुम्ही ठरवता, पण सिग्नलला आल्यावर चाचा ते नव्याने ठरवतात. मागच्या हिवाळ्यात माझी दाढ ठणकत होती, म्हणून ते मला कॉलेज रोडला दातांच्या डॉक्टरकडे सोडायला निघाले आणि तासाभराने मी दिंडोरीत एका द्राक्षबागेच्या बांधावर उभी होते. "ताई, सरळ जायचं ठरलं व्हतं. मी वळलो. कुणी अडवलं का? याला म्हणतात इख्तियार," म्हणत त्यांनी माझ्या हातात द्राक्षांचा घड ठेवला. इख्तियार म्हणजे माणसाच्या हातातली निवड. द्राक्षाचा गोडवा दाढेत शिरला आणि मला ब्रह्मांड आठवलं.

चाचा आमच्या मजल्यावरचे, दारासमोर दार. एसटीत ड्रायव्हर होते आणि जवळजवळ सगळी नोकरी नाशिक-हरसूल मार्गावर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भाजी आणतात, नातवंडं खेळवतात. चाचांनी थेट वरच्या कारभारात लक्ष घातलं. त्यांचा सवाल एकच. मी उद्या काय करणार हे अल्लाहला आधीच ठाऊक आहे, तर मग कयामतीच्या दिवशी जाब मला का विचारायचा?

यावर त्यांचं स्वतःचं एक उत्तरही आहे. "गाडीची पाटी डेपोत लागती, ब्रेक आपल्या पायाखाली राहतो." हे त्यांनी दूधवाल्याला ऐकवलंय, इस्त्रीवाल्याला ऐकवलंय, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलेलं असताना उभं राहून सगळ्यांनाच ऐकवलंय. पण बोलता बोलता त्यांना उशिरापायी मिळालेले जुने मेमो आठवतात आणि स्वतःचंच उत्तर पटेनासं होतं. हरसूलच्या रस्त्यावर शेतातून कोणी हात हलवत पळत येताना दिसलं, की चाचा गाडी थांबवायचेच. उशीर ठरलेला. "कंट्रोलरला पक्कं ठाऊक, गफूर लेट येणार. मी पोचायच्या आधी मेमो तयार. आता तुम्ही सांगा, ठाऊक व्हतं तर मेमो कशापायी?"

मशिदीतले तरुण मौलाना फार गोड माणूस. त्यांनी शांतपणे समजावलं, की ठाऊक असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. कंट्रोलरला ठाऊक होतं म्हणून काही तुमचा पाय ब्रेकवर पडला नाही, तो तुम्हीच ठेवलात. चाचा म्हणाले, अब बोलो, तुम्ही तर कंट्रोलरच्या बाजूचे निघालात. तेव्हापासून नमाज संपली की मौलाना मागच्या दाराने निघतात, असं शमीमचाची हसून हसून सांगायच्या.

सांगायच्या, म्हणजे तेव्हा. दोनेक वर्षांपासून चाची विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग उघडा नळ, मग मुलीचं लग्न होऊन ती सासरी आहे हेसुद्धा. चाचांच्या सवालाची मी कितीही थट्टा केली तरी त्याला खरी धार आली ती तेव्हापासून. जिला सकाळचं दुपारी आठवत नाही, तिला कयामतीला काय विचारणार? मौलानांनी धीर दिला, की अशा माणसाला काही विचारत नाहीत, त्याच्या नावावर पाप-पुण्य काही लिहितच नाहीत. चाचा खुशीत घरी निघाले, आणि जिना चढेपर्यंत चेहरा पडला. माझ्या दारात थांबून म्हणाले, "म्हणजे तिचे रोजेबी नाय लिहिणार?"

हाच घोर होता. चाचींना त्यांच्या रोज्यांचा फार अभिमान. यंदा डॉक्टरांनी साखरेमुळे उपाशी राहायला सक्त मनाई केली होती. तुला रोजा नाही असं सांगितलं, की त्या लहान मुलीसारख्या रडायच्या आणि थोड्या वेळाने तेही विसरून म्हणायच्या, मेरा रोजा है. हा रमजान कसा निभणार, मलाही कळेना.

एका दुपारी मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात चाची खिचडी खात बसल्या होत्या, अगदी मन लावून. बाहेरच्या खोलीत चाचा भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढत होते. त्यांचा स्वतःचा कडक रोजा. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तुम्ही वाढलंत का, मी हळूच विचारलं. त्यांनी कान पकडले. वाढलं नाही, खा म्हटलं नाही. ताट फक्त झाकून ठेवलं, शेजारी साखरेवरची गोळी. चाची पहाटे रोज्याची नियत करतात, म्हणजे रोजा धरायचं मनाशी ठरवतात, दुपारी विसरतात, भूक लागली की आपल्या हाताने झाकण काढतात. आणि विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही, अल्लाहनेच खाऊ घातलं असं मानतात. आठवण करून द्यायला मात्र चाचा उठत नाहीत. हे चालतं का, मौलानांना विचारलंत का, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. विचारलं नव्हतं, आणि विचारणारही नव्हते. "याचा जाब असंल तर मला विचारू दे. तिचा रोजा तिचा राहू दे."

"पण चाचा, त्या खाणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

चाचांचे डोळे भरून आले. "व्हतं ना ठाऊक," ते म्हणाले. "म्हणून तर खिचडी मऊ शिजवली."

मला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही आलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला इफ्तारला बसवूनच घेतलं. अजान झाली. चाचांनी एका खजुराची बी काढली आणि तो चाचींच्या हातावर ठेवला. चाचींनी तो तोंडात टाकला, माझ्याकडे वळल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "आज तो रोजा बिलकुल नहीं लगा."

"अल्लाह कबूल करे," चाचा म्हणाले, आणि मग त्यांनी आपला रोजा सोडला.