गवळ्यापुढल्या रडण्याचा निवाडा

वाणीची देवता प्रसन्न असो, पडद्यावर उजेड पाडणारी शक्ती प्रसन्न असो, ऐकणारांचे चित्त ठिकाणी असो. राज्याभिषेक शक अडतीस, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहिले असे. वाढवून सांगण्याची आम्हांस खोड नाही, आणि झाकून ठेवण्याची तर मुळीच नाही.

एक राज्य होते, त्याचे नाव सांगत नाही. तेथील प्रजेस चित्रपटांचा नाद बहुत, आणि पडद्यावरची माणसे मनास येईल तशी वागत, आता रुसली ती घटकेत बागेत नाचत, आता मेलेल्या भावाच्या नावाने टाहो फोडणारी तीच घटकेत हळदीला सजून उभी, आणि हे पाहून प्रजाही घरोघर तसेच करू लागली. मग श्रीमंत सरकारांस चिंता पडली आणि त्यांनी भावगणिताचे दफ्तर उभे केले, आणि त्यावर अंतोपंत गणिती यांस नेमले. पंत म्हणजे सरळ माणूस, स्वभावाने थंड, आकड्यात कोणी खोट काढील तर नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी नियम बांधिला तो ऐसा: आनंदाचा शिखर-अंक अधिक दहा, दुःखाचा तळ उणे दहा, मागल्या प्रसंगीचा भाव पुढल्या प्रसंगी निम्मा उरतो, आणि त्यात नव्या प्रसंगी जे बोलले जाते त्याचे वजन मिळवावे, म्हणजे पात्राचा भाव निघतो. पडद्यावरचा भाव या हिशेबाहून तीन अंकांपलीकडे गेला की तो प्रसंग बेहिशेबी, त्यास कात्री. आणि दफ्तरात चाल ऐसी की चित्रपट कोणी पाहायचा नाही, फक्त संवादांचे कागद वाचायचे, कारण पाहता पाहता कारकुनाचाच जीव भरून आला तर आकडा बिघडतो. ऐसी बारा वर्षे गेली. बारा वर्षांत पंतांनी एकही चित्रपट पाहिला नाही आणि शेकडो कापले, आणि याचा त्यांस अभिमान होता, तो लपवून काय करायचा!

मग हैबतराव चित्रकर्ते यांचा चित्रपट दफ्तरी आला. त्यात एका बाईचा नवरा मरतो, तेथे तिचा भाव उणे आठ. पुढे तीन प्रसंग ती काही बोलत नाही. कागद कोरा, सबब वजन काही नाही, म्हणून उणे चार, मग उणे दोन, मग उणे एक. चौथ्या प्रसंगी सकाळी गवळी येतो आणि विचारतो, "वहिनी, आज एकच शेर का?" आणि ती बाई दारातच बसून हंबरडा फोडते, उणे नऊ. हिशेबाने तेथे उणे अर्धा यावा. पंतांनी लाल शाईने रेघ मारली. हैबतरावांनी कपाळाला हात लाविला, म्हणाले, "हा प्रसंग गेला तर उरले काय, माझे कपाळ?" आणि त्यांनी हुजूर दाद मागितली. हुकूम जाहला की उद्या निवाडा. पंतांचा आकडा खोटा ठरल्यास दफ्तर बंद, खरा ठरल्यास प्रसंग कात्रीखाली. बारा वर्षांची अब्रू पणास लागली, आणि पंतांस त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

सकाळी त्या बाईचे काम केलेली नटी चिमाबाई दफ्तरात आली, आणि म्हणाली, "पंत, तुम्ही ते पाहिलेत का हो?" पंत म्हणाले, "पाहण्याची चाल नाही, बाई." ती म्हणाली, "त्या तीन मुक्या प्रसंगांतल्या पहिल्यात मी गेलेल्या नवऱ्याच्या वहाणा पुसून जागेवर ठेवते. दुसऱ्यात दोन ताटे मांडते आणि एक उचलते. तिसऱ्यात नुसती बसते." पंत म्हणाले, "कागदावर काही नाही." "नाही खरे," ती म्हणाली, आणि तिने विचारिले, "तुमच्या घरचे कोणी गेले आहे का अलीकडे?" पंत म्हणाले, "मातोश्री. आषाढात." "मग तुम्ही काय बोललात?" "बोलायचे काय त्यात? तेराव्यानंतर दफ्तरास आलो, कामे तुंबली होती." ती म्हणाली, "म्हणजे ओसरत ओसरत आता काही उरले नसेल." पंतांनी खरोखरच लेखणी घेतली, मनाशी पाच महिन्यांचे निम्मे निम्मे केले, आणि म्हणाले, "नाहीच म्हणा ना." चिमाबाई नमस्कार करून गेली.

मग दरबार भरला. पंत उभे राहिले आणि त्यांनी आलेख उलगडून ऐसे काही समजाविले की कारभारी माना डोलवू लागले, आणि हैबतरावांनी मान खाली घातली. सरकार म्हणाले, "हिशेब चोख आहे. प्रसंग कापावा." आणि दरबारच्या शिरस्त्याप्रमाणे निवाडा होताच उभय पक्षांस खडीसाखर वाटली गेली. पंतांनी आपला खडा घेतला, दातांनी दोन केला, अर्धा तोंडात टाकिला आणि अर्धा उपरण्याच्या पदरी बांधू लागले. बारा वर्षे निवाडा जाहला की अर्धा खडा घरी जात असे, म्हातारीस दात नव्हते, ती तो चघळीत बसे आणि विचारी, "आज कोण भांडले रे?" आषाढापासून निवाडा काही आला नव्हता, म्हणून हातास ठाऊकच नव्हते. गाठ अर्धी मारून हात थांबला. आणि पंत खालीच बसले, आणि भर दरबारात लहान पोरासारखे रडले, आणि ते रडणे आवरेना. सरकार दचकले, म्हणाले, "पंत, अहो काय जाहले? कोणी काही बोलले काय?"

पंत म्हणाले, "कोणी काही बोलले नाही, महाराज." मग उपरण्याने डोळे पुसून म्हणाले, "माझा हिशेब चुकला. बारा वर्षे चुकला. या बाईचा प्रसंग राहू द्यावा." चिमाबाई उठली आणि पंतांजवळ जाऊन बसली.

तात्पर्य, प्रसंग राहिला, दफ्तर बंद जाहले, आणि सरकारांनी पंतांस तनखा बांधून दिला. पुढे पंत रोज चित्रपट पाहावयास जात आणि मागल्या बाकावर बसत, असे लोक सांगतात. इतके वर्तमान आम्हांस ठाऊक, ते लिहून ठेविले.